तो वाहून गेला

आमच्या मीराचं मराठी तुम्हाला माहीतच आहे. जन्म कॉव्हेंट्रीचा, त्यामुळे तिच्या घरात खुर्ची 'तो' आणि सोफा 'ती'. तर ती आणि जावई निखिल जीप घेऊन झांबियात गेले होते, जंगलातल्या नद्या ओलांडत. फोनला रेंज नाही, चार दिवस काही खबर नाही. मी इथे सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, आणि तिचा सॅटेलाइट फोन आला. नुसती खरखर.

"आई, तो नदीत वाहून गेला."

"कोण गेला?"

"आम्ही खूप शोधला, मिळालाच नाही. पण डोन्ट वरी, मी ओके आहे."

मी ट्रॉलीला धरून कसंबसं विचारलं, "अगं, निखिलच्या आईला मी काय सांगू?"

"त्यांना कशाला सांगते? लाडवांचा पिशवी तर तू दिला होता."

तेवढ्यात मागून निखिलचा वैतागलेला आवाज आला, "मीरा, तो पिशवी नाही गं. ती पिशवी."

जन्मभर मीच तिला हे सांगत आले. पण इतकं गोड व्याकरण मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.