पक्कं बांधलेलं कपाट

लेक : थांबा, थांबा! ती ओली छत्री तशीच आत नका आणू, आधी बाहेर झटका. आणि हे पायपुसणं आहे की चिखलाचा गोळा? बाबा, किती दिवस धुतलं नाहीये हे?

बाबा : आल्या आल्या तोफखाना सुरू! अगं, बॅग तरी खाली ठेव.

लेक : कुठे ठेवू? लादी बघा, पाय पडला की ठसा उठतोय. आणि केवढा कुबट वास कोंडलाय घरात! खिडक्या उघडत नाही का तुम्ही?

बाबा : वास येतोय?

लेक : येतोय म्हणजे? नाक धरावंसं वाटतंय. तुम्हाला नाही येत?

बाबा : नाही. मागच्या महिन्यात ताप आला होता ना, तो जाताना माझं नाक घेऊन गेला. आता चहा काय आणि फिनेल काय, सगळं सारखंच.

लेक : हे फोनवर सांगायला काय झालं होतं?

बाबा : सांगून काय? तू फोनमधून नाक पाठवणार होतीस?

लेक : हसवू नका मला. जुनी चादर द्या एखादी, आधी हे पाणी टिपून घेते. नऊ दिवसांनी आत्ता कुठे पाऊस थांबून ऊन पडलंय ना? मग उघडा सगळं. गाद्या उभ्या करा. आई असती तर...

बाबा : तर एव्हाना मलाही दोरीवर वाळत घातलं असतं तिनं.

लेक : किती भांडायचे मी तिच्याशी यावरून. पाय पूस, मोजे बाहेर काढ, ओली पिशवी खुर्चीवर नको. एकदा चिडून म्हटलं, तुला माणसं नकोतच, तुला कोरडी लादी हवी! ते आमचं शेवटचं भांडण. त्यानंतर नीट बोलणंच झालं नाही हो.

बाबा : ते सोड आता. राहू दे ती लादी. हात पूस, चांगले कोरडे कर, आणि आतल्या खोलीत चल. तुझ्यासाठी एक ठेवलंय मी.

लेक : माझ्यासाठी? काय?

बाबा : चल तर.

लेक : अगंबाई! हे आईचं कपाट ना? त्याला हे काय फासलंय सगळीकडे?

बाबा : चिकटपट्टी. दुहेरी. दाराचा सांधा, बिजागऱ्या, किल्लीचं भोक, काही सोडलं नाही. मागून भिंतीला चिकटवलंय, नखभर फट ठेवली नाही. बत्तीस वर्षं पार्सलं बांधली मी. समुद्रापार गेलेल्या माझ्या एका खोक्यात कधी पाण्याचा थेंब गेला नाही. पक्कं झालंय ना?

लेक : पक्कं झालंय हो. पण कशासाठी?

बाबा : तू पोचलीस तेव्हा तिला नेलं होतं. एका रात्रीनं चुकामूक झाली. तू इथेच, या इथे जमिनीवर बसलीस, आणि तेवढंच म्हणत राहिलीस. काय, आठवतं?

लेक : आठवतं.

बाबा : ‘एकदा तिच्या कुशीत शिरायचं होतं, तिचा वास घ्यायचा होता.’ मला दुसरं काही देता येत नव्हतं तुला. तू परत गेल्यावर मी उशीची खोळ, तिचा गाऊन, ती निळी शाल, जे जे तिच्या अंगाचं होतं ते न धुता आत ठेवलं आणि बांधून टाकलं. म्हटलं, पोरगी येईल तेव्हा स्वतः उघडेल. माझं नाक गेलं तर गेलं, तुझं आहे ना? ही घे कात्री. वरून काप. ओढू नकोस, आडवी काप.

लेक : बाबा, ती निळी शाल... दवाखान्यातून आणताना पावसात भिजली होती ना?

बाबा : थोडी दमट होती. पिळली की मी. म्हटलं, आत सुकेल. वाळत घातली असती तर वास उडाला असता, नाही का?

लेक : आज नको उघडायला. राहू दे ना. आधी चहा घेऊ.

बाबा : अगं, अडीच महिने या दिवसाची वाट बघतोय मी! काप बरं.

(ती पट्टी कापते. दार फुगलंय, दोन हिसके द्यावे लागतात. बोटभर उघडल्याबरोबर तिचा हात आपोआप नाकाकडे जातो. बाबांना दिसेल म्हणून ती तो तिथल्या तिथे खाली घेते.)

बाबा : आला?... अगं, बोल ना! घाई नको, घे पोटभर. मी हा असा लांब उभा राहतो.

लेक : हो. येतोय, बाबा.

बाबा : तिचाच?

लेक : तिचाच. तिच्या साबणाचा. आणि ते डोक्याला लावायची ना, त्या तेलाचा.

बाबा : बघ! म्हटलं नव्हतं मी? माझ्या हातचं बांधलेलं आहे ते! सगळं उघड ना दार. मला वास नाही तर नाही, डोळ्यांनी तरी बघू दे.

लेक : नको, उडून जाईल.

बाबा : जरासं. सरक बघू.

लेक : बाबा, ऐका ना माझं...

बाबा : हे काळं काय आहे शालीवर? आणि गाऊनवर हा कापूस कुठून आला?

लेक : बाबा.

बाबा : बुरशी आहे ही.

लेक : निघेल. धुतलं की निघेल.

बाबा : खोटं बोललीस माझ्याशी. घरात शिरल्या शिरल्या म्हणालीस तो कुबट वास इथलाच. मी रोज याच्या शेजारी झोपतोय. रोज रात्री हात लावून बघत होतो, पट्टी सुटली तर नाही ना म्हणून. आणि आत हे असं चाललं होतं.

लेक : तुम्हाला कसं कळणार? बसा तुम्ही आधी. पाणी आणू?

बाबा : ती सांगून गेली होती गं.

लेक : काय सांगून गेली होती?

बाबा : दवाखान्यात. अगदी शेवटी. ओठ हलले म्हणून मी कान तोंडाशी नेला. वाटलं, काहीतरी माझ्यासाठी बोलेल. तर म्हणाली, ‘पाऊस लागलाय. माझं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि ऊन पडलं की दारं उघडी टाका.’ झालं. मग बोललीच नाही.

लेक : हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

बाबा : काय सांगू? एकोणचाळीस वर्षांचा संसार आणि जाताना कपाट! राग आला होता मला. मेलेल्या माणसावर रुसलो होतो मी. तिनं जाताना एवढं एकच काम सांगितलं, आणि मी नेमकं उलटं केलं.

लेक : माझ्यासाठी केलंत ना.

बाबा : तुझ्या वाटणीचं तेवढंच उरलं होतं. तेही नासवलं मी.

लेक : नका ना असं बोलू! मी एक दिवस आधी निघाले असते तर तुम्हाला हे काही करावंच लागलं नसतं. रडू नका हो बाबा, मला नाही बघवत. उठा. उठा बघू. तुम्ही त्या बाजूनं धरा.

बाबा : काय धरू?

लेक : कपाट. वीतभर पुढे घ्यायचंय.

बाबा : आता काय उपयोग त्याचा?

लेक : काही नाही. तिनं सांगितलंय म्हणून. ऊन आहे तोवर दोन्ही दारं उघडी टाकू आणि ओढू. धरलंत? सांभाळून, लादी ओली आहे, पाय सरकेल. हां... अजून थोडं... बस. झालं वीतभर.

बाबा : थांब, मोजतो. हो. बरोबर एक वीत आहे.

लेक : मग? असे का बघताय हाताकडे?

बाबा : ही माझी झाली गं. तिची वीत लहान होती.