शुभेच्छुकांच्या गर्दीत कल्लाप्पा

(बेळगावातलं डिजिटल फलक छापायचं दुकान. संगणकासमोर मालक अभिनंदन, मूळचा निपाणीचा. त्याच्या पाठीमागं स्टुलावर बेळगुंदीची रुक्माबाई. तिचा पुतण्या विक्रम उभा, कारण त्याला बसून बोलायची सवय नाही.)

रुक्माबाई : समदं दिसलं बाबा. पर ह्यात कल्लाप्पा कुठं हाय?

अभिनंदन : आहे की, आक्का. हे काय, विक्रमअण्णांच्या उजव्या कानाला लागून.

रुक्माबाई : ह्यो? मला वाटलं विक्यानं कानात भिकबाळी घातलीया.

विक्रम : काकू, धा बाय आठ फुटाचं डिजिटल हाय. बस स्टॉपवर लागलं की मानूस बरोबर दिसतोय.

रुक्माबाई : तू दिसशील. तुझं डोस्कं हंड्याएवढं हाय.

विक्रम : अध्यक्षाचा फोटो मोठाच असतोय. पद्धत हाय ती. मी फॅन क्लबचा संस्थापक अध्यक्ष.

रुक्माबाई : संस्थापक! शनवारी मोबाईल घिऊन कट्ट्यावर म्याच बघत बसायची मी. पोरं येऊन बसाय लागली, तर तिसऱ्या शनवारी ह्यो हार घालून घ्यायला हजर.

अभिनंदन : खाली बेचाळीस शुभेच्छुक आहेत, आक्का. त्यांना जागा लागते. सगळ्यांनी गॉगल घातलाय, त्यामुळं तोंडं जरा रुंद झालीत.

रुक्माबाई : ह्यो मष्णू बघ. ह्येला इचारलं, कल्लाप्पा काय खेळतो रं? तर म्हणतोय, विकेटकीपर हाय.

विक्रम : प्रेम असलं की झालं, काकू.

अभिनंदन : पण मला एक सांगा. हिथं नाव कॅलम रेडफर्न दिलंय. तुम्ही कल्लाप्पा म्हणताय. दोघं वेगळे?

रुक्माबाई : एकच रं. ते नाव माझ्या जिभेवर बसंना. कल्लाप्पा आपलं घरचं वाटतंय. मेरीबी तसंच म्हणाय लागली शेवटी.

अभिनंदन : मेरी कोण?

रुक्माबाई : माझ्या लेकीची शेजारीण. नीलम मेलबर्नला असती. नातू सांभाळाय सा म्हैनं गेलते. लेक-जावई सकाळी कामाला, मी आणि पाळण्यातलं पोर. भिंतीसंगं बोलायची पाळी आलती. एका शनवारी कुंपणापल्याड आरडाओरडा. मला वाटलं म्हातारीला कोण मारालंय. पोराला काखंत मारून पळत गेले, तर टीव्हीवर कल्लाप्पाची म्याच, आणि ही फुडं एकटीच नाचालीया! हाताला धरून मला शेजारी बसवलं. तिला मराठी येत न्हाय, मला इंग्रजी येत न्हाय. पर कल्लाप्पा दोघींना कळत हुता.

अभिनंदन : त्याचा खेळ फुटबॉलच ना?

रुक्माबाई : आपल्या कॅम्पातल्या मैदानावर पोरं खेळत्यात तो न्हवं. चेंडू लांबुळका, पपईगत. हातानं धरायचा, पायानं हाणायचा. चार खांब उभे असत्यात. मधल्या दोन खांबांतनं गेला की सा गुण. जरा बाजूनं गेला तर एक गुण.

अभिनंदन : बाजूनं गेला म्हणजे चुकला की.

रुक्माबाई : चुकला. तरी एक देत्यात. हाणला तर खरं, म्हणून.

विक्रम : असला नियम आमच्या ग्रामपंचायतीला पायजे हुता. अकरा मतांनी हुकलं माझं.

रुक्माबाई : अकरा मतांनी न्हवं. अकरा मतं पडली हुती तुला. आणि आपल्या घरातच चौदा हैत.

विक्रम : काकू, जुनं कशाला उकरतीस? अवंदा वातावरण चांगलं हाय.

अभिनंदन : आक्का, तुम्ही पाठवलेला तो झेलाचा फोटो मात्र भारी हां. एकाच्या पाठीवर गुडघा ठेवून काय उडालाय!

रुक्माबाई : तोच पायजे मला! दोनदा गुडघा फाडला हुता त्याचा दवाखान्यात. आता संपला म्हणालती समदी. आणि आल्या आल्या असा उडाला बघ. धा जण खाली धडपडालती. एकदा झेल घेतला की पंच शिट्टी मारतोय, मग त्याला कुणी हात लावायचा न्हाय. एवढ्या धुमाळीत मानूस निवांत उभा ऱ्हातोय. मेरी रडली त्या दिवशी. मीबी रडले. पोर आमच्याकडं बघून रडलं.

विक्रम : त्याच फोटोत मी एक सुधारणा सुचवलीया. अभिनंदन, ती दुसरी फाईल दाव काकूला. हे बघ. ज्याच्या पाठीवर त्यो चढलाय, त्याच्या जागी माझं तोंड बसवलंय. म्हंजे कसं, विक्रमभाऊंच्या भक्कम पाठबळावर कॅलमची गरुडझेप!

रुक्माबाई : आरं बाबा, खालचा त्याच्या संघातला न्हवं.

विक्रम : मग?

रुक्माबाई : विरोधी संघातला हाय. त्याला हरवून वर गेलाय त्यो. आता तुझ्या पाठीवर गुडघा ठेवून.

विक्रम : अभिनंदन, काढून टाक ती फाईल.

अभिनंदन : आय्तु, झालं, काढली. पण अण्णा, काल तुम्ही सांगितलं म्हणून ती मंडळाच्या ग्रुपवर टाकलीय. चाळीस जणांनी हात जोडलेत.

विक्रम : दोघांनी का न्हाय जोडलं? बघतो त्यांच्याकडं.

रुक्माबाई : आणि ह्या वरच्या ओळी कसल्या रं?

अभिनंदन : वर कन्नड, मधी इंग्रजी, खाली मराठी.

विक्रम : कुणाची तक्रार नको, काकू. आपल्या भागात एक अक्षर मागंफुडं झालं तर मोर्चा निघतोय.

रुक्माबाई : तिन्हीत लिवलंय काय?

अभिनंदन : "गावाचे भूषण, युवकांचे आशास्थान."

रुक्माबाई : बरं झालं. कल्लाप्पाला शोभतंय.

अभिनंदन : नाही, ते विक्रमअण्णांचं आहे.

रुक्माबाई : आणि कल्लाप्पाचं?

अभिनंदन : नुसतं नाव आणि शुभेच्छा. बिरूद अजून काही दिलं नाही. तुम्ही सांगा, आक्का.

रुक्माबाई : लिही. सतरा वरसं एकच संघ. दुसऱ्यांनी लई वडलं, घर देतो म्हणाले, गाडी देतो म्हणाले, गेला न्हाय. लागोपाट आठ वरसं हरत हुता संघ, तरी न्हाय. तेच बिनबाह्यांचं बनियन.

अभिनंदन : मग "एकनिष्ठ" असं घालू? ठळक?

विक्रम : नको नको. तो शब्द नको.

अभिनंदन : का, अण्णा? चांगला शब्द आहे.

रुक्माबाई : दोन वरसांत तीन पक्ष फिरून आलाय न्हवं. लोक तो शब्द वाचतील आणि ह्याच्या फोटोकडं बघतील.

विक्रम : मी विकासासाठी फिरलोय.

रुक्माबाई : फिर बाबा. पर माझं एक ऐक, विक्या. डोस्क्यावरनं पाणी गेलंय म्हणून सांगते. ह्या शनवारी कल्लाप्पाची शेवटची म्याच. मेरी पन्नास वरसं त्या संघासाठी मैदानावर जाऊन बसली. नवरा गेला त्या वरशीबी गेली. गर्दी झेपंना झाली तवाच टीव्हीफुडं बसाय लागली. आणि आता दवाखान्यात पडलीया. खुब्याचं हाड मोडलंय. नीलम म्हणती, परत घरी यायचं अवघड हाय. मी तिला शब्द दिलाय. म्हणलं, आमच्या गावाच्या रस्त्यावर कल्लाप्पाचा फोटो लागंल, तुला दावते. नीलम तिच्याफुडं मोबाईल धरणार हाय. तिला डोळ्यानं कमी दिसतंय रं. हे चिलटाएवढं तोंड तिला कसं दिसायचं?

विक्रम : बरं, बरं. रडू नको. अभिनंदन, कॅलमला जरा मोठा कर. माझ्या कानापासनं खांद्यापतोर आण. थांब, पक्षाच्या साहेबांचा फोन आला. नमस्कार साहेब! व्हय साहेब, डिजिटलच्याच दुकानात हाय. न्हाय साहेब, इसरेन कसा? सगळ्यात मोठा तुमचाच. व्हय, उभा. हात वर केलेला. पायापतोर, साहेब, बुटासकट. ठेवतो. ऐकलंस न्हवं, अभिनंदन? साहेबांचा पूर्ण फोटो घालायचा हाय.

अभिनंदन : जागा कुठाय, अण्णा? कुणाला तरी काढावं लागेल. मष्णूला काढू?

विक्रम : त्याच्या घरात नऊ मतं हैत.

अभिनंदन : भरमू?

विक्रम : प्रचाराला टेम्पो त्याचाच लागतोय.

अभिनंदन : मग तुमचा जरा लहान करू?

विक्रम : अध्यक्षाचा?

अभिनंदन : मग काढायचं कुणाला?

विक्रम : बेळगुंदीत ज्याचं मत न्हाय, असा एकच हाय ह्यात.

रुक्माबाई : विक्या!

विक्रम : नाव हाय की वर, काकू! "कॅलम रेडफर्न यांना निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा." लोक समजून घेत्यात.

रुक्माबाई : तिकडं शेवटची म्याच झाली की काय करत्यात, ठावं हाय? संघातली दोघं जण त्याला खांद्यावर बसवून मैदानाभाईर नेत्यात. विरोधी संघसुदिक रांगंत उभा ऱ्हाऊन टाळ्या वाजवतोय.

विक्रम : खांद्यावरनं? आपल्यात मेल्यावर नेत्यात.

रुक्माबाई : व्हय. तिकडं जित्याला खांद्यावर घेत्यात. आणि तुमी जित्याला त्याच्याच डिजिटलवरनं भाईर काढलासा.

विक्रम : तुला राजकारण कळत न्हाय, काकू. अभिनंदन, छाप तू. मी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन येतो. गाडीवर येतीस?

रुक्माबाई : तू जा. मी बसनं जाते.

विक्रम : बरं. आणि अभिनंदन, साहेबांचं पोट जरा आत घे.

अभिनंदन : आय्तु, अण्णा. घेतो. …गेले, आक्का. पाणी देऊ?

रुक्माबाई : नको. त्यो झेलाचा फोटो हाय अजून तुझ्याकडं? ह्याचं तोंड नसलेला?

अभिनंदन : आहे की. मूळचा आहे तसाच ठेवलाय.

रुक्माबाई : तेवढाच मला छापून दे. दाराएवढा. दुसरं कोण नको त्यात.

अभिनंदन : मग खालच्या माणसाला कापू?

रुक्माबाई : असू दे त्याला. त्याची पाठ नसती तर कल्लाप्पा उडाला असता कशावरनं?

अभिनंदन : पण आक्का, लावणार कुठं? बस स्टॉपचे खांब अण्णांनी सगळे धरलेत.

रुक्माबाई : खांब कशाला? एक कड मी धरते, एक कड शेजारची मालुबाई धरंल. तिकडंबी खांद्यावरनं न्यायला दोघंच लागत्यात. रस्त्यावर उभं ऱ्हातो. फोटो काढाय कोणबी मिळंल.

अभिनंदन : वर ओळ कुठली घालू? कन्नड? मराठी?

रुक्माबाई : कायबी नको. तिला तोंड दिसलं की बास.

अभिनंदन : बरं. खाली शुभेच्छुक म्हणून तुमचं नाव घालतो. रुक्माबाई...

रुक्माबाई : माझं नको. मेरीचं घाल. तिला वाचता ईल असं, इंग्रजी अक्षरात.

अभिनंदन : मेरी काय? आडनाव सांगा.

रुक्माबाई : आडनाव… सा म्हैनं शेजारी बसलो, इचारायचंच ऱ्हायलं बघ. आडनावाच्या जागी बेळगुंदी घाल.