फणसाखालची रेंज

आमच्या सखूकाकीच्या मोबाइलचं सांगितलं का तुम्हाला? पोलादपूरच्या वर, डोंगरात आमची वाडी. बायकांच्या बचत गटाने नाचणीचे पापड मुंबईत विकायचे म्हणून तो घेतला आणि काकीच्या हाती दिला. पहिलाच फोन दादरच्या दुकानदाराचा. सगळ्या बायका काकीभोवती कान टवकारून उभ्या.

तो म्हणाला, "बाई, तुमच्या पापडांची रेंज काय?"

काकी ओरडली, "घरात नाय, फणसाखाली फुल हाय!"

"अहो, भाव विचारतोय!"

"मग सरळ भाव म्हणा की! रेंजपायी चढण चढून दमलो आमी!"

तो इतका हसला, की त्याने सगळे पापड घेतले.

आता मात्र त्याने भाव पाडायला घेतला, की काकी फणसाखालीच उभी राहून ओरडते, "शेठ, रेंज गेली!"