घड्याळजींना उशीर का होतो

...आणि उशीर कोण करतं, तर घड्याळजी! तुम्हाला सांगतो, अख्ख्या बाजाराची घड्याळं सुधारणारा माणूस, आणि सकाळच्या प्रार्थनेला रोज पंधरा मिनिटं उशिरा! आता तुम्ही म्हणाल, पंधरा मिनिटांनी काय होतं? अहो, आम्हा यहुद्यांत बाप गेला की मुलानं अकरा महिने रोज कद्दिशची प्रार्थना म्हणायची, आणि ती म्हणायला दहा पुरुष लागतात. नऊ असले की गप्प बसा! आमच्याकडे मोजून दहा, आणि दहावे हे.

बाप माझा गेलेला. चार महिने झाले. रडलो नाही. लिफ्टा दुरुस्त करतो, जेवतो, झोपतो... खरं सांगू? मला काही वाटतच नाही हल्ली. पण कद्दिश चुकवली नव्हती. बापासाठी करण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं ना!

तर त्या मंगळवारी घड्याळजी आलेच नाहीत. चाळीस मिनिटं आम्ही नऊ जण दाराकडे बघतोय! शेवटी उठलो. कद्दिश बुडाली. राग? नाही हो, मला काही वाटतच नाही हल्ली. नुसता आमच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेलो, म्हटलं, "त्यांना झाडा जरा."

रब्बी चष्मा पुसत म्हणाले, "तूच सांग. चुकलेल्याला न सांगता मनात कुढत बसलास, तर ते तुझं पाप. पण चारचौघांत त्याचा पाणउतारा केलास, तर तेही तुझंच."

म्हणजे दोन्हीकडून मीच!

"आणि सांगण्याआधी त्याच्या बाजूनं एक तरी कारण शोध."

शोधलं की! रस्ताभर शोधलं. एकच सापडलं... मेले असतील. दुकानात जातो तर जिवंत! डोळ्याला भिंग लावून बसलेले, समोर तीन गिऱ्हाइकं. आणि माझं तोंड सुटलं, "अहो, जगाची घड्याळं लावता, स्वतःचं कधी लावणार? तुमच्यामुळे माझ्या बापाची कद्दिश बुडाली!"

घड्याळजींनी भिंग काढलं. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "हो. चुकलं माझं."

झालं! भांडायला गेलेल्यानं पुढे काय बोलायचं, सांगा बरं?

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी आल्या आणि घड्याळजींकडे बोट दाखवून मलाच विचारतात, "हे कोण हो? रोज सकाळी माझ्या घरात असतात. पोलिसांना बोलवा ना!"

गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. घड्याळजी हळूच म्हणाले, "सकाळी तिला मी आठवत नाही. एकटीला टाकून निघालो तर घाबरते. आठवेपर्यंत दाराशी बसून राहतो. आज... आठवलोच नाही."

"मग आधी सांगायचं नाही का आम्हाला!"

"तिचं असलं चारचौघांत कसं सांगू?"

आणि मी तर त्यांना तीन गिऱ्हाइकांसमोर सांगायला लावलं होतं. तोंड लपवायला जागा नव्हती. माफी मागितली, तर म्हणाले, "सांगितलंत ते बरंच केलंत. फक्त आत बोलावून सांगायचं होतं."

रब्बींना सगळं सांगितलं. रब्बींनी मला झाडलं नाही. झाडलं असतं तर बरं झालं असतं! एवढंच म्हणाले, "ते इकडे येऊ शकत नाहीत, तर आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ जण दुकानावरच्या त्यांच्या घरी! बाईंनी दार उघडलं. रब्बींना "या," म्हणाल्या. खाटीकदादांना "या." नवरा कोपऱ्यात बसलेला, त्याच्याकडे बघून म्हणतात, "हे रोज येतात. कोण आहेत देव जाणे, पण भले दिसतात. असू देत." घड्याळजींनी मान खाली घातली. हसले की काय केलं, कळलं नाही.

मग माझी पाळी. बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा नको. हा ओरडतो."

अहो, चाळीस वर्षं संसार केलेला नवरा आठवत नाही, आणि मी बरोब्बर आठवतो! पण चूक काय म्हणणार त्यांची?

आता रोज बाहेर जिन्यात उभा राहून कद्दिश म्हणतो. रब्बी म्हणाले, दार उघडं असलं की बाहेरच्यालाही दहात धरता येतं.