गिरणीच्या टाकीतल्या पाण्याबाबत गुणाबाईचा दुसरा जबाब

नाव गुणाबाई मुखरू मांदाडे, वय अंदाजे पन्नास, धंदा गिरणीत धान भिजवणे, राहणार मूल, जिल्हा चांदा. ता. ११ डिसेंबर १९५७ रोजी ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी गुणवंतरावांच्या धानगिरणीत कामाला आहे. तिथलं तेलाचं इंजिन माझा मुलगा लच्छू चालवतो. काल दुपारी दोनच्या सुमारास इंजिनातून वाफ निघाली अन् ते जागीच अडकलं. लच्छू इथलं काम सोडून आरमोरीच्या गिरणीत जाणार होता, म्हणून त्यानं मुद्दाम बिघडवलं, अशी मालकांनी तक्रार दिली. हवालदारांनी मले विचारलं तेव्हा मी म्हटलं, "झोपला असन मेला." तेवढ्यावर त्याले कोठडीत बसवलं. मी पाह्यलं काहीच नव्हतं. नुसती जीभ चालली माझी!

आज सकाळी फिटर पोचूभाऊ आले. इंजिन थंड ठेवायची पाण्याची टाकी पाहून म्हणाले, "बाई, यातलं पाणी कोणं काढलं?" मी म्हटलं, मीच. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान गरम पाण्यात भिजवावं लागते. चूल पेटवण्यापरीस आम्ही बाया इंजिनच्या टाकीतलं वरचं गरम पाणी नेतो. जेवढं काढलं तेवढं विहिरीचं आणून टाकायचं, असा नेम हाय. काल विहिरीचा दोर तुटला. मी अकरा बादल्या काढल्या, टाकली एकही नाई.

पोचूभाऊंनी समजावलं ते असं. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या नळानं टाकीत येते, टाकीतलं थंड पाणी खालच्या नळानं आपोआप आत जाते. वरच्या नळाचं तोंड पाण्यात बुडून असलं तरच हा फेरा चालते. पाणी त्याच्या खाली गेलं की फेरा बंद, अन् आतलं पाणी तिथंच उकळते.

मालक मानेनात. मग हवालदारांसमोर टाकी भरली. इंजिन रातभर निवलं होतं, पोचूभाऊंनी तेल देऊन फिरवलं, ते सुरू झालं. पाऊण तास बिनतक्रार चाललं. मालक म्हणाले, "याच्यानं काय सिद्ध झालं?" मले आला राग. बादली घेतली अन् पाणी उपसाले लागली. नवव्या बादलीले नळ उघडा पडला. थोड्या वेळानं इंजिन गुरगुरलं, वाफ आली. मालक ओरडले, "पुरे बाई, पुरे! बंद करा ते!"

त्यांनी तक्रार मागे घेतली. लच्छूले सोडलं. जीव भांड्यात पडला, साहेब. तो बाहेर ओट्यावर बसला हाय, माझ्याशी अजून बोलला नाई. कालचं माझं बोलणं खोटं होतं, ते खोडावं.

हा जबाब मले वाचून दाखवला. बाहेर ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचा म्हटलं, तसाच वाचला. मी सांगितला तसाच हाय. वाचणं झाल्यावर लच्छूनं बाहेरून हाक मारली, "माय, चाल ना घरी, भूक लागली." तरी अंगठा लवकर घ्यावा.