बिनवायरची मशीन

नाई हो, मशीन खराब आहे असं म्हणलंच कोणं? मशीन चांगली आहे! अमेरिकेची आहे, संत्र्याच्या रंगाची आहे, हाताले हलकी आहे, पेट्रोल पीत नाई, धूर सोडत नाई, बाजूले मांजर झोपलं असन तं ते कूस बदलत नाई इतकाच तिचा आवाज… आन् मेन म्हणजे वायर नाई. हे 'वायर नाई' चंपतरावानं मले इतक्यांदा सांगतलं का आता बायकोनं झोपीतून हलवलं तं मी 'वायर नाई, वायर नाई' करत उठतो. पण गवताचं काय? तुम्हाले सांगतो, पोळा तोंडावर आला तवा गवत कापाची मशीन येऊन तीन महिने झाले होते आन् गवत तसंच उभं होतं, कमरेइतकं! त्याले कोणी सांगतलंच नाई नं बाप्पा, का मशीन अमेरिकेची आहे.

चंपतराव म्हणजे आमचे शेजारी. पोस्टातून रिटायर. आमच्या मधात एक भिंत आहे, पोटाइतकी. त्याच्यानं त्यांच्या घरचं अर्धं मले आपोआप दिसते आन् जे दिसत नाई ते चंपतराव भिंतीवर कोपर टेकून स्वतः सांगतात. मी नाई इचारत. मले काय कराचं आहे? पण माणूस सांगून राहिला तं कान का खुंटीवर टांगून ठेवाचे?

तं आमच्या ले-आऊटचा तान्हा पोळा बारा वर्षांपासून चंपतरावाच्याच आंगणात भरते. मोठा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडं शहरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आन् संध्याकाळी इकडं लेकरं आपापले लाकडाचे बैल घेऊन येतात. तोरणाखाली रांग लागते. चंपतराव काळा कोट, टोपी घालून एकेका बैलाले कुंकू लावतात, "वा वा, काय जोडी आहे! कोण्या बाजारातून आणली, पाटील?" असं चार वर्षांच्या पोट्ट्याले इचारतात, आन् त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवतात. रिटायर माणसाले, तुम्हाले सांगतो, वर्षातून एक दिवस असा भेटते. बाकीचे दिवस त्याले पेपरवाला सोडून कोणी हाक मारत नाई.

पण लाकडाच्या बैलाले चाकं असतात नं! आन् चाकं गवतात चालत नाईत. आन् यंदा समोरच्या नानाजीनं आंगणात सिमेंट केलं. एकदम गुळगुळीत. करा नं, तुमचं आंगण आहे, करा. पण नाई! नानाजी ज्याले त्याले, आवाजात साखर घोळून, "यंदा आमच्याकडंच करू नं तान्हा पोळा. चंपतरावाच्या इथी गवत लय वाढते. त्याईची उमर झाली, त्याईले काहून तरास? सिमेंटवर बैल कसे सरसर पळतीन, पाह्यजा!"

ते 'उमर झाली' चंपतरावाले असं झोंबलं का काय सांगू. मंडळाच्या बैठकीत उभे राहिले आन् म्हणे, "आंगण चकाचक होईन. माह्याकडं मशीन आहे. बिनवायरची!" वायर नसली तं त्याच्यापुढं कोण काय बोलन?

आता मशीन कुठून आली? चंपतरावाचा लेक गिरिधर, एकुलता एक, पाच वर्षांपासून अमेरिकेत. तो मे महिन्यात आला आन् मशीन घेऊन आला. आता तुम्ही नागपूरचे आहा, तुम्हीच सांगा, मे महिन्यात नागपुरात गवत असते का? पारा पंचेचाळीसवर, जमिनीले भेगा, गाजरगवतसुद्धा मरून पडलेलं! मशीन दाखवाची कशावर? तं गिरिधरनं ते हवेतच चालवली. सुंईंईं! "बाबा, पातं नाई हिले. ही दोरी फिरते नं, तेच कापते. वाकाचं नाई, बसाचं नाई, उभ्यानं चालवाची. आन् वायर नाई!" दोरी म्हणजे काय, मासोळ्या धराचा तंगूस असते नं, नायलॉनचा, तसा इतभर तंगूस तोंडाशी बाहेर निघलेला. तो गरगर फिरते आन् गवताचे मुंडके उडवते. आम्ही सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. हवा तं एकदम साफ कापली होती.

आन् जाताना गिरिधर म्हणे, "बाबा, तुमची कंबर दुखते नं, म्हणून शोधून आणली." चंपतरावाच्या डोळ्यात पाणी आलं हो. लेक इतक्या दूर, पण बापाची कंबर ध्यानात ठेवली! त्या दिवसापासून मशीनीबद्दल वाकडा शब्द बोलाची कोणाची हिंमत नाई. आंगणात गिरिधरनं अमेरिकेले जाताना लावलेलं संत्र्याचं कलम आहे. चंपतराव रोज सकाळी त्याच्याशी बोलतात. खरंच बोलतात, मी ऐकलं. "काय गा, पाणी पायजे का? मुंग्या चावून राहिल्या का?" गिरिधरचं पत्र महिन्यातून एक येते, कलम रोज भेटते.

बरं, इतके वर्ष गवत कापे कोण? मनकर्णाबाई. नाल्यापलीकडं तिच्या दोन म्हशी. पैसा घेत नाई, गवत घेते. आषाढात येते, फाटकाजवळच्या एका झुपक्याले गाठ मारून जाते. गाठ मारली म्हणजे ते आंगण तिचं, दुसऱ्या कोणी इळा लावाचा नाई. पोळ्याच्या तोंडावर येते, बुडापासून सपासप कापते, भारा बांधते, डोक्यावर घेते, चालली. यंदाही गाठ मारून गेली होती. आन् श्रावणात पाहाले आली तं चंपतराव फाटकात उभे. "मनकर्णाबाई, यंदा तुह्यं काम नाई वं. मशीन आली. वायरबी नाई तिले."

बाई म्हणे, "वायर तं माह्या इळ्यालेबी नाई, काकाजी."

बस. इतकंच बोलली. वाकली, गाठ सोडली, आन् गेली.

पोळा दोन दिवसांवर आला. चंपतरावानं मशीन काढली. मशीनीले आधी बॅटरी भरा लागते. आता अमेरिकेची लाईन एकशेदहाची, आपली दोनशेतीसची, म्हणून मधात एक लोखंडी डब्बा, पाच किलोचा. भिंतीतून डब्ब्याले वायर, डब्ब्यातून चार्जरले वायर, चार्जरातून मशीनीले वायर. तीन! मी भिंतीवरून मोजल्या. "चंपतराव," म्हणलं, "हे तीन कायच्या?" तं म्हणे, "ते चार्जिंगच्या होत गा. मशीनीले वायर नाई!"

आन् हे सारं बस्तान कुठी? सैपाकघरात, मिक्सरच्या प्लगात. रुखमाबाई, म्हणजे चंपतरावाची मालकीण, हातात भिजलेली डाळ घेऊन उभी. "वड्याची डाळ वाटाची आहे मले! काढा तुमचं ते गिऱ्हाण!" "सोळा तास हात लावाचा नाई!" "सोळा तासात डाळ आंबन!" "पाट्यावर वाट!" रुखमाबाई पाट्यावर बसली. कंबर तिलेही आहे, पण तिच्या कंबरेसाठी अमेरिकेतून काही आलं नव्हतं.

आन् लाईन गेली! नऊ तास झाले आन् लाईन गेली. आता पुस्तकात लिहिलेलं, सोळा तास. पण मधात लाईन गेली तं पहिल्यापासून मोजाचं का उरलेलं मोजाचं, हे लिहिलंच नाई. काहून लिहितीन? तिकडं लाईन जातच नाई! चंपतराव पोस्टातले, हिशोबाचे पक्के, म्हणून पहिल्यापासून मोजलं. असे सोळाचे पंचवीस झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्हाले सांगतो, अर्धा ले-आऊट फाटकाशी उभा. नानाजी सगळ्यात समोर. चंपतरावानं बटण दाबलं. सुंईंईं! आन् कापलं हो! मी खोटं काहून बोलू? फाटकाजवळचं कवळं गवत अशी मशीन फिरली का न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यावानी साफ! भिंतीच्या बुडाशी इळा पोचत नाई, तिथलंही कापलं. चंपतरावाचं तोंड पाहाले पायजे होतं. नानाजी हळूच सिमेंटाकडं पाहून राहिले होते. मग मशीन आत घुसली, कमरेइतक्या गवतात, ओल्या गवतात. गरर्र… गर्र… गवत कटून नाई राहिलं, गुंडाळून राहिलं! सोडवा, चालवा, सोडवा, चालवा. जे कटलं त्याची हिरवी चटणी झाली आन् उडाली. चंपतरावाच्या चष्म्यावर, धोतरावर, चुना मारलेल्या भिंतीवर, नानाजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर. आन् एक गोटा उडाला तो रुखमाबाईच्या खिडकीवर, खळ्ळ! आन् बरोबर इसाव्या मिनिटाले… सुंई… सू… बंद.

कापलं किती? एका बाजेइतकं. म्या हिशोब लावला, या चालीनं दिवाळीपर्यंत आंगण होते, पण तोवर फाटकाजवळचं वापस कमरेले लागते. "पाहा," चंपतराव घाम पुसत म्हणे, "वायर असती तं पायात अटकून पडलो असतो नं?"

पुन्हा सोळा तास. पोळ्याच्या दिवशी बैल मारुतीले चाललेले आन् हे आंगणात. त्या मशीनीची एक गंमत आहे, दोरी झिजली तं तोंड जमिनीवर हळूच आपटाचं, म्हणजे नवी दोरी इतभर बाहेर येते. हळूच. आता चंपतरावानं तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले! त्याईले हळूच आपटता येते का? धाड! धाड! धाड! अख्खी गुंडी बाहेर, मशीनीभोवती जाळं. मग सायकलवर गांधीसागर तलावाकडं जाऊन मासोळीवाल्याजवळून तंगूस आणला, मोठ्या मासोळीचा, जाडा, गुंडाळला. आन् तो जाडा तंगूस काय फिरला म्हणता! चंपतराव गवत कापत कापत कलमापाशी गेले, बुडाशी गवत होतं ते साफ कराले…

आवाज वेगळा आला. मी चहा पीत होतो, कप ठेवला.

संत्र्याच्या कलमाची साल, बुडाशी, चहूबाजूनं, बांगडीवानी निघून गेलेली. पांढरं लाकूड दिसून राहिलं होतं. चंपतराव मशीन हातात घेऊन उभेच. मी भिंतीवरून म्हणलं, "होईन बरं…" पण ते मलेही पटत नव्हतं. चंपतराव 'वायर नाई' सुद्धा म्हणले नाईत. तवा मले समजलं, मामला गंभीर आहे.

संध्याकाळी भिंतीवर कोपर. "मनकर्णाबाईले तू सांग नं गा." मी काहून सांगू? गाठ म्या सोडाले लावली का? शेवटी स्वतः गेले, नाला उतरून, तिच्या गोठ्यात. बाई धार काढून राहिली होती. म्हणे, "माही म्हैस चटणी खात नाई, काकाजी." मग चंपतरावानं कलमाचं सांगतलं. बाई धार सोडून उठली. "अगं माय! झाडाले कोणी दोर लावते का असा?"

सकाळी तिकडून मारबतीचा आवाज येऊन राहिला होता, 'घेऊन जाय गे मारबत!', आन् मनकर्णाबाई आंगणात. आधी गवताकडं पाह्यलंच नाई. शेणमातीचा लगदा केला, कलमाच्या जखमेले थापला, वरून रुखमाबाईचं जुनं लुगडं फाडून पट्टी बांधली. "जगन?" चंपतराव. "झाडाच्या मनावर आहे," बाई म्हणे. मग तिनं आपली अट सांगतली: "जितक्या गवताची चटणी केली तितकं भरून द्या. बसा माह्यासंगं. आन् भारा गोठ्यापर्यंत तुमी न्याचा."

बसले हो! चंपतराव इळा घेऊन बसले. ज्या कंबरेसाठी मशीन सात समुद्र पार करून आली, ते कंबर पाच तास दुहेरी! भारा पाठीवर घेऊन नाला उतरले, नाला चढले. मी पाहून राहिलो होतो. मदत? माह्यीही कंबर आहे नं.

पण संध्याकाळी आंगण असं, का बैल सरसर पळाले. तोरण लागलं, रांग लागली, नानाजी आपल्या नातवाले घेऊन गुमान रांगेत. काळा कोट आला, टोपी आली, फक्त चंपतराव त्याच्यात सरळ होऊन नव्हते राहिले. कुंकू लावाले त्याईले वाकाच लागलं नाई, वाकलेलेच होते. आन् फोटोवाला आला तं म्हणे, थांब. आत गेले, मशीन आणली, हातात धरली, साफ आंगणात उभे राहिले. काढ म्हणे, गिरिधरले पाठवाचा आहे.

म्हणलं, "चंपतराव, खरं काहून नाई लिहीत?"

"काय लिहू गा? पोरानं मायेनं आणली. त्याले लिहू का तुह्या मशीनीनं तुह्यं झाड सोललं?"

बरोबर आहे. हे तं मलेही नाई लिहिता आलं असतं.

दिवाळीनंतर पत्र आलं. भिंतीवर कोपर टेकून वाचून दाखवलं. "बाबा, फोटो पाह्यला. आंगण मस्त! पण तुम्ही लय वाकलेले दिसता. मले वाटते मशीनीचा दांडा छोटा पडून राहिला. मे महिन्यात येतो तं मोठी आणतो. लंबा दांडा, दोन बॅटऱ्या, दोन दोऱ्या. ते छोटी मनकर्णाबाईले देऊन टाका."

घ्या! दोन दोऱ्या!

कलम? जगलं हो. पट्टीच्या वरून दोन नवी पानं आली. चंपतराव अजून बोलतात त्याच्याशी. काल पाह्यलं तं त्याच्याभोवती बोराटीचं काटेरी कुंपण घालून राहिले होते, छातीइतकं, चांगलं दुहेरी. म्हणलं, "काय गा चंपतराव, बकऱ्या येतात का?"

म्हणे, "नाई. गिरिधर येते."