मागच्या गल्लीतले आठ फॉर्म

(हॉटेलच्या तळघरातली लाँड्री. इस्त्रीच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा.)

मॅडम : "टॉवेल रोज धुवू नका, दोन दिवस चालतो." "खोलीत काचेच्या बाटल्या ठेवा." "उरलेलं अन्न जातं कुठे?" "आम्हाला झोप लागत नाही."

मावशी : हे काय वाचताय?

मॅडम : पर्यावरणाची पाहणी हो. जमिनीतलं पाणी उपसायला दुसरा पंप बसवायच्या आधी सगळ्यांना विचारायचं, असं हेड ऑफिसचं फर्मान आहे. पाहुणे, कामगार, भाजीवाला, शेजारी.

मावशी : मला कुठे विचारलंत? मी म्हटलं असतं, चादरी जरा कमी मळवा म्हणावं.

मॅडम : आता विचारतेय की! ते झोपेचं मागच्या गल्लीतून आलंय. आठ फॉर्म. तुमचीच गल्ली ना?

मावशी : होती. पहिल्या पंपानं विहीर आटली आणि सगळे उठून गेले. तीन वर्षं दारांना कुलपं आहेत, मॅडम. फॉर्म दिलेत कोणाला?

मॅडम : कुलपं? अहो, यादी जुनी असणार. वॉचमननं न बघता दारांखालून सरकवले, सोमवारी. आज सकाळी रिसेप्शनच्या पेटीत भरून आले.

मावशी : कोणीतरी चेष्टा केली असेल. लोकांना उद्योग नाहीत. द्या बघू इकडे.

मॅडम : काय झालं? बसा, बसा आधी.

मावशी : हे अक्षर आमच्या थोरल्या जाऊबाईंचं आहे.

मॅडम : मग त्यांनाच फोन लावू या.

मावशी : वारल्या त्या. गल्ली सोडायला तयारच नव्हत्या. त्या गेल्या, मग आम्ही उरलेले निघालो.

मॅडम : मावशी, आठही जणांनी एकच लिहिलंय. "पंप खाली फार ऐकू येतो. दुसरा नको."

मावशी : खाली?

मॅडम : खाली.

मावशी : पाठवा मग तसंच.

मॅडम : कसं पाठवू? तिथे कोणी राहतं का, ते ओळखीच्या माणसानं लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही. "कोणी राहत नाही" म्हणालात तर फॉर्म बाद. शेजारीच नाहीत, तर विरोध कोणाचा? उद्या पंप बसेल.

मावशी : आणि "राहतात" म्हटलं तर?

मॅडम : पंप थांबेल. पण हेड ऑफिसची माणसं बघायला येतील. कुलपं दिसली की तुमची नोकरी गेली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, मावशी. कशाला नसतं बालंट?

मावशी : पेन द्या.

मॅडम : घरी विचारा तरी.

मावशी : जाऊबाईंनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही हो. मिठाचा खडासुद्धा नाही. हे घ्या. "आठ घरं. माणसं राहतात." खाली सही केलीय.

मॅडम : नुसतं तेवढ्यासाठी नोकरी घालवताय?

मावशी : पहिल्या पंपाचं बटण मी दाबलं होतं. सगळ्यांत जुनी कामगार म्हणून मलाच पुढे केलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.